दोन मतांचा फरक : ख्रिस वॉटसन यांचे मजूर सरकार आणि कलम ४८

१२ ऑगस्ट १९०४ रोजी मेलबर्नच्या संसद भवनात ऑस्ट्रेलियाचे पहिले मजूर सरकार ३६ विरुद्ध ३४ मतांनी हरले. मालक-कामगारांचे तंटे न्यायालयामार्फत सोडवण्यासाठीच्या औद्योगिक लवाद विधेयकातले, युनियनच्या सभासदांना नोकरीत प्राधान्य देण्याबद्दलचे ४८ वे कलम पुन्हा चर्चेला घ्यायचे की नाही, एवढाच त्या दिवशीचा प्रश्न होता. पंतप्रधान ख्रिस वॉटसन यांनी तो सरकारवरच्या विश्वासाचा प्रश्न मानला, सभागृह बरखास्त करून निवडणूक घ्यावी असे गव्हर्नर-जनरलना सांगितले, नकार मिळाल्यावर १७ तारखेला राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी जॉर्ज रीड पंतप्रधान झाले. २७ एप्रिलला शपथ घेतलेले सरकार चार महिनेही टिकले नाही.

जगातले हे पहिले राष्ट्रीय पातळीवरचे मजूर सरकार, म्हणून त्याचे नाव घेतले जाते आणि पुढे जाऊन विसरले जाते. पण ते का पडले, आणि इतक्या किरकोळ दिसणाऱ्या जागी का पडले, हे बघितले तर त्या काळच्या मजूर राजकारणाची सगळी यंत्रणा उघडी पडते. तीन पक्ष (अल्फ्रेड डीकिन यांचे संरक्षक जकातवादी, रीड यांचे मुक्त व्यापारवादी आणि मजूर), एकालाही बहुमत नाही, आणि पाठिंब्याची किंमत वसूल करण्यात तरबेज असलेला सर्वांत शिस्तबद्ध पक्ष अचानक खुर्चीत बसतो, अशी ही परिस्थिती होती.

जुळारी ते पक्षनेता

वॉटसन यांचा जन्म ९ एप्रिल १८६७ रोजी चिलीतल्या वालपाराइसो बंदरात झाला. वडील टँक हे जर्मन वंशाचे चिली नागरिक, जहाजावर अधिकारी. आई मार्था मिन्चिन न्यूझीलंडची. आईने पुढे जॉर्ज वॉटसन या खाणकामगाराशी लग्न केले आणि मुलाला सावत्र वडिलांचे आडनाव मिळाले. हयातभर त्यांची ओळख याच वडिलांचा मुलगा अशी राहिली. मूळ जन्मकथा तेव्हाच चव्हाट्यावर आली असती, तर भानगड झाली असती. राज्यघटनेनुसार संसद सदस्य ब्रिटिश प्रजाजन असावा लागे, आणि परक्या देशात परक्या बापापोटी जन्मलेल्याला ते सिद्ध करणे अवघड गेले असते.

न्यूझीलंडमधल्या ओमारू गावी ते वाढले. दहाव्या वर्षी शाळा सुटली, रेल्वेच्या बांधकामावर पोऱ्या म्हणून लागले, आणि तेराव्या वर्षी स्थानिक वृत्तपत्राच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, जुळवायला शिकू लागले. १८८६ मध्ये नोकरी गेली तेव्हा सिडनी गाठली. तिथे थोडे दिवस गव्हर्नरच्या बंगल्यावर तबेल्यात काम केले आणि मग पुन्हा छापखाना. जुळारी मंडळी त्या काळच्या कामगारांत सर्वांत वाचलेली असत. मजकूर उलटा वाचत वाचत जगाचे राजकारण त्यांच्या बोटांखालून जाई. १८९० मध्ये वॉटसन आपल्या युनियनतर्फे सिडनीच्या ट्रेड्स अँड लेबर कौन्सिलवर गेले, आणि १८९२ पर्यंत कौन्सिलचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले होते. तेव्हा ते पंचविशीत होते.

ते कौन्सिलवर गेले तो काळ संपांचा. १८९० चा जहाज आणि गोदी कामगारांचा संप, १८९१ चा लोकर कातरणाऱ्यांचा, १८९२ चा ब्रोकन हिलच्या खाणींतला; तिन्ही फसले. मालकांकडे पैसा होता, बेकारांची फौज होती, सरकार आणि पोलिस होते. तेव्हा युनियनवाल्यांनी दोन धडे घेतले. विधिमंडळात आपली माणसे हवीत, हा पहिला. दुसरा, मालक बोलणीच नाकारतो तेव्हा त्याला टेबलावर आणणारे न्यायालय हवे. १९०४ चे विधेयक हे या दुसऱ्या धड्याचे फळ.

पहिला धडा अमलात आणताना लगेच ठेच लागली. १८९१ च्या निवडणुकीत न्यू साउथ वेल्स, म्हणजे सिडनी ज्या वसाहतीत होती तिच्या, विधानसभेच्या १४१ पैकी ३५ जागा मजुरांच्या उमेदवारांनी जिंकल्या, आणि काही महिन्यांतच आयात जकातीच्या प्रश्नावर त्यांची फाटाफूट झाली. मग प्रतिज्ञा आली. पक्षाच्या कार्यक्रमातल्या प्रश्नांवर आमदारांच्या बैठकीत, म्हणजे कॉकसमध्ये, बहुमताने जे ठरेल त्याप्रमाणेच मत द्यायचे. उमेदवारी मिळाली नाही तर पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध उभे राहायचे नाही. आणि हे आधीच सही करून द्यायचे. निवडून आलेल्या बहुतेकांना हा अपमान वाटला. त्यांचा नेता जोसेफ कुक, लिथगोचा माजी कोळसा खाणकामगार, याने सही नाकारली आणि तो जॉर्ज रीडच्या गोटात गेला; रीड तेव्हा न्यू साउथ वेल्सचे सरकार चालवत. (हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.) १८९४ मध्ये प्रतिज्ञाबद्ध मजूर पक्षाला अवघ्या १५ जागा मिळाल्या. पण त्या १५ जणांची मते एका मुठीत होती. त्यांत यंग मतदारसंघातून आलेले वॉटसन एक होते.

पाठिंब्याचा भाव

या पंधरा जणांचे सूत्र एका वाक्यात सांगता येते: सवलती द्या, पाठिंबा घ्या. मंत्रिपद मागायचे नाही, युती करायची नाही. जो सरकार चालवेल त्याच्यासमोर यादी ठेवायची, तो देईल तोवर त्याला टिकवायचे आणि दुसऱ्याने जास्त देऊ केले की बाजू बदलायची. रीड यांना मजुरांनी १८९९ पर्यंत असे टिकवले. मग विरोधी पक्षनेते विल्यम लाइन यांनी जास्त देऊ केले. निमित्त सापडले ते नील्ड नावाच्या आमदाराला वृद्धापकाळ पेन्शनवरच्या अहवालासाठी रीड यांनी संसदेच्या मंजुरीशिवाय दिलेल्या ३५० पौंडांचे. तेवढ्यावर रीड पडले. लाइन यांच्याकडून दुकाने लवकर बंद करण्याचा कायदा आणि वृद्धापकाळ पेन्शन वसूल झाली. या सौद्यात वॉटसन आणि त्यांचे सहकारी मजूर आमदार ह्यूज व होल्मन पुढे होते. वॉटसन यांचे खरे कसब इथे दिसते. ते मोठे वक्ते नव्हते. कोणाला काय हवे आहे, कोण किती ताणेल आणि सभागृहात आज कोण हजर आहे, हे त्यांना पक्के माहीत असे.

१९०१ मध्ये सहा वसाहतींचे मिळून ऑस्ट्रेलियन संघराज्य झाले. ७५ जणांच्या पहिल्या प्रतिनिधी सभागृहात मजुरांचे १४ सदस्य होते. ८ मे १९०१ रोजी त्यांच्या कॉकसने ब्लँडचे खासदार वॉटसन यांना नेता केले. जकातीवर ज्याने त्याने आपल्या मताप्रमाणे मत द्यावे असे ठरवून त्यांनी जुना फाटाफुटीचा धोका बाजूला ठेवला. बाकीच्या प्रश्नांवर पुन्हा तीच मूठ.

त्या यादीतल्या पहिल्या मागण्यांपैकी एक होती गोऱ्या ऑस्ट्रेलियाची, आणि ती सोडून वॉटसन यांचे कर्तृत्व सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९०१ च्या स्थलांतर निर्बंध विधेयकात आशिया आणि आफ्रिकेतल्या लोकांना सरळ नाव घेऊन बंदी घालावी अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. ती थोडक्यात हुकली. लंडनला हिंदुस्थान आणि जपान यांची अडचण नको होती, म्हणून पहिले पंतप्रधान बार्टन यांच्या सरकारने कोणत्याही युरोपीय भाषेत ५० शब्दांचा मजकूर लिहून दाखवण्याची परीक्षा ठेवली, परिणाम तोच. त्याच वर्षीच्या टपाल कायद्याच्या १६ व्या कलमाने परदेशी टपाल नेणाऱ्या ज्या बोटींशी ऑस्ट्रेलिया करार करील, त्यांवर फक्त गोरे खलाशी असावेत असे बंधन घातले. त्याचा नेम थेट ‘लास्कर’ मंडळींवर होता, म्हणजे पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या बोटींवर काम करणाऱ्या हिंदी खलाशांवर. त्यांतले डेकवरचे कितीतरी जण रत्नागिरीकडचे आणि खाण्यापिण्याच्या खात्यातले गोव्याचे. ब्रिटिश साम्राज्याची प्रजा हे दोघेही, कोकणातला खलाशी आणि सिडनीचा गोदी कामगार. पण सिडनीतल्या युनियनच्या हिशेबात पहिला हा दुसऱ्याची मजुरी पाडणारा माणूस होता. मजूर पक्षाच्या कामगारएकीला ही कड सुरुवातीपासूनच होती.

सरकार हाती येते

डिसेंबर १९०३ च्या निवडणुकीत तिन्ही पक्ष जवळजवळ समसमान झाले. पंतप्रधान अल्फ्रेड डीकिन यांनी फेब्रुवारीतल्या भाषणात क्रिकेटचा दाखला दिला: एकाच मैदानावर तीन संघ उतरले आहेत, आणि एक संघ कधी या बाजूने खेळतो, कधी त्या, असा खेळ चालणार कसा? तीन महिन्यांच्या आत त्यांनाच विकेट गमवावी लागली. लवाद विधेयक राज्य सरकारांच्या नोकरांनाही, विशेषतः रेल्वे कामगारांना, लागू व्हावे अशी दुरुस्ती मजूर पक्षाच्या अँड्रयू फिशर यांनी मांडली आणि ती २१ एप्रिलला ३८ विरुद्ध २९ मतांनी संमत झाली. आदल्या वर्षी व्हिक्टोरियात रेल्वेचा संप झाला होता, त्यामुळे हा प्रश्न पेटलेला होता. राज्यांच्या नोकरांवर केंद्राचा अधिकार घटनेत बसत नाही, असे डीकिन यांचे मत. त्यांनी राजीनामा दिला.

गव्हर्नर-जनरल लॉर्ड नॉर्थकोट यांनी वॉटसन यांना बोलावले. मंत्री निवडायचे काम कॉकसने वॉटसन यांच्यावर सोडले. मंत्री कॉकसने निवडून द्यायचे ही पद्धत फिशर यांच्या १९०८ च्या मंत्रिमंडळापासून सुरू झाली. वॉटसन यांनी अर्थखाते स्वतःकडे ठेवले, परराष्ट्र ह्यूज यांना, व्यापार व जकात फिशर यांना, गृह बॅचलर यांना, टपाल मॅहन यांना, संरक्षण अँडरसन डॉसन यांना दिले. पूर्वी मंत्री म्हणून खुर्चीत बसलेले मोजकेच होते. बॅचलर दक्षिण ऑस्ट्रेलियात मंत्री राहिले होते. डॉसन तर क्वीन्सलंड वसाहतीचे माजी सरकारप्रमुख आणि फिशर त्यांचे मंत्री. पण डिसेंबर १८९९ मधले ते सरकार एका आठवड्यात संपले होते. आणि कायदेमंत्री? मजूर पक्षात त्या पदाला साजेसा अनुभवी वकील नव्हता. ह्यूज नुकतेच बॅरिस्टर झाले होते. म्हणून वॉटसन यांनी एच. बी. हिगिन्स यांना घेतले, जे मजूर पक्षाचे सभासदच नव्हते. डीकिन यांच्या गटातले हे उदारमतवादी. वॉटसन सदतीस वर्षांचे होते. त्यांच्यापेक्षा तरुण पंतप्रधान ऑस्ट्रेलियाला आजवर मिळालेला नाही.

इथेच मुख्य अडचण उभी राहिली, आणि तिचा विचार त्या वेळी पुरेसा झालेला दिसत नाही. पाठिंबा विकणाऱ्या पक्षाची ताकद तो दुसऱ्याला देऊ शकतो त्या मतांत असते. तो स्वतः सत्तेत गेला की मते विकत घ्यायची पाळी त्याच्यावर येते. वॉटसन यांना आता डीकिन गटातली डझनावारी मते हवी होती, आणि बदल्यात द्यायला त्यांच्याकडे काही नव्हते. मंत्रिपदे वाटली असती तर पक्ष चिडला असता. कार्यक्रम आवळला असता तर युनियन चिडल्या असत्या. आयझॅक आयझॅक्स, लाइन यांच्यासारखे पुरोगामी स्वखुशीने साथ देत होते, पण डीकिन स्वतः बाहेरच राहिले. त्यांनी न्याय्य वागणूक देण्याचे सांगितले, मते देण्याचे नाही.

कलम ४८ आणि एक शब्दप्रयोग

विधेयकाचा गाभा असा होता. एकापेक्षा जास्त राज्यांत पसरलेला औद्योगिक तंटा लवाद न्यायालयापुढे यायचा, न्यायालय पगार-तास ठरवून देणार, आणि तो निवाडा दोन्ही बाजूंना बांधील. त्या बदल्यात संप आणि टाळेबंदी बेकायदा. दंड १,००० पौंडांपर्यंत. न्यायालयाच्या दारात जायला युनियनला नोंदणी करावी लागणार.

युनियनच्या बाजूने हिशेब असा. आम्ही संपाचे हत्यार खाली ठेवतो. उद्या निवाडा आमच्या बाजूने लागला की वाढीव पगार सगळ्यांनाच मिळणार, वर्गणी न भरलेल्यालाही. मग मालक सोयीस्करपणे बिगरसभासदांनाच भरती करील, युनियन वर्षभरात सुकून जाईल, आणि पुढचा तंटा न्यायालयात न्यायला कोणी उरणार नाही. यावर उपाय म्हणजे कलम ४८: इतर बाबी समान असतील तेव्हा नोकरी देताना संघटनेच्या सभासदांना प्राधान्य द्या, असा आदेश न्यायालय देऊ शकेल. ‘देऊ शकेल’, ‘देईल’ नव्हे. न्यू साउथ वेल्सच्या १९०१ च्या लवाद कायद्यात अशी तरतूद होतीच.

समितीच्या टप्प्यात, म्हणजे कलमवार चर्चेत, व्हिक्टोरियाचे खासदार जेम्स मॅके यांनी त्यावर अट घातली: निवाड्याने बाधित होणाऱ्या आणि अर्जदारांशी समान हितसंबंध असलेल्या लोकांच्या बहुसंख्येची त्या प्राधान्याला मान्यता आहे, असे न्यायालयाचे मत झाले पाहिजे. ही दुरुस्ती संमत झाली. वॉटसन यांनी तिच्या जागी वेगळी शब्दरचना सुचवली: संघटना संख्येने आणि सभासदांच्या कुवतीने त्या उद्योगाचे भरीव प्रतिनिधित्व करते, एवढे न्यायालयाला पटले म्हणजे पुरे.

दोन्ही वाक्ये कागदावर जवळजवळ सारखी वाटतात, म्हणून उदाहरण घेऊ. समजा एका उद्योगात १,००० कामगार आहेत आणि त्यांतले ४५० युनियनमध्ये. वॉटसन यांच्या कसोटीत दुसरी तुल्यबळ संघटना नसेल तर ४५० हे भरीव प्रतिनिधित्व. न्यायाधीश आदेश देऊ शकतो. मॅके यांच्या कसोटीत ५०१ लागतात, म्हणजे किमान ५१ बिगरसभासदांनी ‘आम्हाला मागे ठेवा आणि त्यांना आधी घ्या’ याला संमती द्यायची. आता हेच लोकर कातरणाऱ्यांना लावून पाहा. हे लोक हंगामाबरोबर फिरतात, वर्षाच्या एका टोकाला एका राज्यात आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्या. ‘बाधित होणारे’ म्हणजे कोण, यंदाचे की गेल्या वर्षीचे? यादी कोणाकडे, आणि मान्यता कशी नोंदवायची? सिद्ध करण्याचा भार युनियनवर, आणि मालकाच्या वकिलाला फक्त शंका उपस्थित करायच्या. खाणगावात किंवा एका मोठ्या कारखान्यात ही अट पुरी करता आली असती. पण केंद्रीय कायदा मुळात एकाहून अधिक राज्यांत पसरलेल्या धंद्यांसाठीच होता, आणि नेमक्या त्यांनाच ती जड जाणार होती.

विरोधकांची बाजूही अगदीच पोकळ नव्हती. अल्पसंख्य युनियनने न्यायालयाकरवी बहुसंख्यांना भाकरीसाठी सभासद व्हायला भाग पाडावे का, आणि त्यांच्या वर्गणीतला पैसा मजूर पक्षाच्या निवडणुकीत जाणार असेल तर कायद्याने तो गोळा करून द्यावा का, हे त्यांचे प्रश्न. पहिला प्रामाणिक आहे. दुसरा रीड यांच्या गोटाला जास्त बोचत होता.

१२ ऑगस्ट

समितीत संमत झालेले कलम सरकारला पुन्हा उघडायचे असेल तर विधेयकातली ठरावीक कलमे ‘फेरविचारासाठी पुन्हा समितीकडे’ पाठवण्याचा प्रस्ताव आणावा लागतो. वॉटसन यांनी तो आणला. यादीत इतर कलमांबरोबर ४८ वे होते. मॅके यांनी त्या यादीतून नेमके ४८ वगळावे अशी दुरुस्ती मांडली.

ही चाल बारकाईने पाहण्यासारखी आहे. ती मंजूर झाली तर वॉटसन यांची नवी शब्दरचना गुणदोषांवर तपासलीच जाणार नव्हती. जे सदस्य भरीव प्रतिनिधित्वाच्या शब्दरचनेवर कदाचित नरमले असते, त्यांना त्या प्रश्नापर्यंत पोचण्याआधीच अडवण्याचा हा मार्ग. शिवाय कामगारांच्या विरोधात मत दिल्याचा ठपका कोणावर येत नव्हता; आपण फक्त झालेला निर्णय कायम ठेवला, असे मतदारसंघात सांगता येणार होते. वॉटसन संतापले ते यावर. त्यांचे म्हणणे, सरकारला पाडायचेच असेल तर सरळ अविश्वास ठराव आणा. पण पेच त्यांनीच सोडवला: हे मतदान आम्ही विश्वासाचे मानतो, असे त्यांनी जाहीर केले. डीकिन यांनी विरोधकांबरोबर मत दिले.

३६ आणि ३४ मिळून ७०. सभापती धरून उरलेल्या पाच जागांची मते पडली नाहीत. एक माणूस फिरला असता तर ३५-३५ झाले असते आणि घटनेच्या ४० व्या कलमाप्रमाणे सभापतींना निर्णायक मत द्यावे लागले असते. फरक खरोखरच एका माणसाचा होता.

वॉटसन यांनी बरखास्तीचा सल्ला दिला. नॉर्थकोट यांनी तो मानला नाही: सभागृह आठच महिन्यांपूर्वी निवडून आलेले, आणि रीड सरकार बनवू शकतात असे दिसत होते. त्या काळात गव्हर्नर-जनरल हा अधिकार खरोखर वापरत. पुढल्या वर्षी रीड यांनी तोच सल्ला दिला, त्यांनाही नकार मिळाला. १९०९ मध्ये फिशर यांनाही.

दुसरा मार्ग होता का?

मॅके यांची अट गिळून विधेयक पुढे रेटणे, हा एक होता. व्यवहारात त्याने फारसे बिघडले नसते, असे मागे वळून म्हणता येते: डिसेंबर १९०४ मध्ये रीड सरकारच्या काळात कायदा झाला तो मॅके यांच्या अटीसकटच, आणि पुढे न्यायालयाचे अध्यक्ष झालेल्या हिगिन्स यांनीही प्राधान्याचा आदेश क्वचितच दिला. पण वॉटसन यांना हे तेव्हा दिसणे शक्य नव्हते, आणि ज्या युनियननी संपाचा हक्क सोडायला मान्यता दिली होती त्यांना बदल्यात काहीच न देता ते तोंड दाखवू शकले नसते.

विश्वासाचा प्रश्न न करता हार पचवणे, हा दुसरा. डीकिन एप्रिलमध्ये एका दुरुस्तीवर गेले होते. वॉटसन ऑगस्टमध्ये त्याहून मोठ्या गोष्टीवर राहिले असते, तर खुर्चीला चिकटले असे म्हणायला विरोधक टपलेच होते. मजूर मंत्री पगारासाठी राजकारणात येतात, हा टोमणा तर रोजचा होता.

डीकिन गटाशी रीतसर युती, हा तिसरा. हा बहुधा टिकाऊ ठरला असता. पडल्यानंतर सप्टेंबरमध्ये मजूर आणि आयझॅक्स-लाइन यांचे पुरोगामी यांच्यात करार झालाच. तोच मेमध्ये झाला असता तर दोन मते सापडायला हरकत नव्हती. पण पक्षाच्या तळात युतीबद्दल तीव्र अविश्वास होता. १९०५ च्या आंतरराज्य परिषदेने युतींवर मर्यादा आणि मंत्री कॉकसने निवडण्याचा आग्रह असे ठराव केले, तेव्हा वॉटसन नेतेपद सोडायला निघाले होते. सहकाऱ्यांनी त्यांना थांबवले. आमच्या मते वॉटसन यांची चूक, जर तिला चूक म्हणायचे, तर ऑगस्टची नाही, एप्रिलची: मतांची हमी न घेता त्यांनी सरकार घेतले. मात्र ते न घेते, तर मजूर मंत्री फायली हाताळू शकतात, अर्थसंकल्प आणि टपालखाते कोसळत नाही, हे देशाला दिसायला आणखी चार वर्षे लागली असती.

जुलै १९०५ मध्ये रीड पडले आणि मजुरांच्या पाठिंब्यावर डीकिन परतले. वॉटसन पुन्हा आपल्या जुन्या जागी, दाराबाहेर यादी घेऊन. तिथे ते सर्वांत परिणामकारक होते. संरक्षक जकातीचा फायदा घेणाऱ्या कारखानदाराने कामगारांना वाजवी वेतन दिले पाहिजे, ही ‘नवी संरक्षणनीती’ याच काळातली. तिच्यामुळे हार्वेस्टर बनवणारे कारखानदार मॅकेय (खासदार मॅके नव्हेत) लवाद न्यायालयापुढे आले आणि हिगिन्स यांनी ८ नोव्हेंबर १९०७ रोजी अकुशल कामगाराला दिवसाला ७ शिलिंग हे माणसासारखे जगण्यापुरते किमान वेतन ठरवले. १९०४ मध्ये वॉटसन यांनी कायदेमंत्री म्हणून आणलेला बाहेरचा माणूस असा मजुरांच्या कामी आला.

तो निकाल लागायच्या आठवडाभर आधी, ३० ऑक्टोबर १९०७ ला, वॉटसन यांनी नेतेपद सोडले. कारण पत्नी एडा यांची आणि स्वतःची तब्येत. मेलबर्न-सिडनी फेऱ्यांनी ते थकले होते. १९१० मध्ये संसदही सोडली. पुढची कारकीर्द वेगळीच आहे: १९१६ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीच्या बाजूने गेल्यामुळे पक्षातून हकालपट्टी, १९२० पासून न्यू साउथ वेल्समधल्या मोटारवाल्यांच्या रस्ते संघटनेचे नेतृत्व, आणि १९३६ मध्ये, पुढे अँपोल म्हणून ओळखल्या गेलेल्या पेट्रोल कंपनीचे पहिले अध्यक्षपद. १८ नोव्हेंबर १९४१ रोजी सिडनीत ते वारले.

कलमाचे आणि रेल्वेवाल्यांचे पुढे काय झाले

ज्या दुरुस्तीवर डीकिन गेले, ती राज्यांच्या रेल्वे कामगारांची तरतूद, कायद्यात आली खरी. १९०६ मध्ये उच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. डीकिन यांचे कायद्याचे म्हणणे बरोबर निघाले. १९२० च्या इंजिनिअर्स खटल्यात त्याच न्यायालयाने त्या निकालाचा पायाच उखडला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होते आयझॅक्स, १९०४ मध्ये मजुरांना साथ देणारे.

प्राधान्याचा प्रश्न मात्र संसदेतच राहिला. १९१३ मध्ये जोसेफ कुक पंतप्रधान झाले, प्रतिज्ञेवर सही नाकारणारे तेच कुक. सभागृहात ३८ विरुद्ध ३७, म्हणजे एका जागेचे बहुमत. सिनेट पूर्ण मजुरांच्या हातात. ही कोंडी फोडायला त्यांनी मुद्दाम एक लहानसे विधेयक तयार केले: केंद्र सरकारच्या नोकरीत युनियनच्या सभासदांना प्राधान्य देण्यास बंदी. सिनेटने ते दोनदा अडवले आणि कुक यांना हवी असलेली घटनात्मक सबब मिळाली. वॉटसन, रीड, फिशर या तिघांना नाकारलेली गोष्ट त्यांना दुप्पट मिळाली: गव्हर्नर-जनरल मन्रो फर्ग्युसन यांनी ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात प्रथमच दोन्ही सभागृहे एकदम बरखास्त केली. ५ सप्टेंबर १९१४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने प्रतिनिधी सभागृहात ७५ पैकी ४२ आणि सिनेटमध्ये ३६ पैकी ३१ जागा जिंकल्या. बारा दिवसांनी फिशर पंतप्रधान झाले, आणि कुक यांचे विधेयक तिथेच संपले.